गाडी वाजते, पण कधी?

सुरूर फाट्याला पुणे–सातारा महामार्ग सोडायचा, वाईच्या बाजारपेठेतून बाहेर पडायचं, शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे टाकायचं आणि घाट चढून पाचगणीला पोचायचं. पर्यटक या वाटेवर धोम धरणाचं पाणी बघत जातो. गाड्या दुरुस्त करणाऱ्याला हाच रस्ता वेगळ्या कारणाने मोलाचा वाटावा. महामार्गावर ऐंशीचा वेग मिळतो. गावात गतिरोधक आणि खड्डे मिळतात. गर्दीत गाडी लावताना स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. आणि पुढे घाटात बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, परतताना तेवढाच उतार, मध्ये आवळ वळणं. स्टीअरिंगमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये जे काही सैल, सुकलेलं किंवा झिजलेलं असेल ते यातल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर तोंड उघडतंच. कुठल्या टप्प्यावर उघडलं, हे ज्याने ध्यानात ठेवलं त्याचं निम्मं निदान झालं.

गॅरेजात गेल्यावर गाडीवाला सांगतो, "पुढून आवाज येतोय. डाव्या बाजूनं, बहुतेक." मुरलेला मिस्त्री ही डावी बाजू फारशी मनावर घेत नाही. तो विचारतो, "काका, कधी येतो? उभ्या गाडीत का चालताना? खड्ड्यात का वळताना? ब्रेक मारल्यावर येतो का?" काकांना वाटतं, हा माणूस उगाच फाटे फोडतोय. पण मिस्त्रीला हवी असलेली माहिती नेमकी हीच असते. आवाज कुठून येतो याबाबत कानावर भरवसा ठेवता येत नाही. केव्हा येतो याबाबत ठेवता येतो.

कान का फसतो

आवाजाची दिशा आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि जरा मोठा पोचतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, तरी मेंदू तो पकडतो. मोकळ्या मैदानात हे छान जमतं. काचा लावलेल्या गाडीत जमत नाही, कारण तिथे चाकाकडचा आवाज हवेपेक्षा पोलादातून जास्त येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पोलादात पाच हजार मीटरच्या वर. चाकाशी झालेली टकटक चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्ममधून सांगाड्याला आणि सांगाड्यातून डॅशबोर्डला, दाराला, सीटला पोचते. जिथला पत्रा किंवा प्लॅस्टिक जास्त थरथरतं तिथूनच आवाज निघाल्यासारखा वाटतो. शिवाय सस्पेन्शनचे बरेचसे आवाज जाडे, खर्जातले, आणि खर्जातल्या आवाजाची दिशा ओळखणं मुळातच अवघड. म्हणून डाव्या चाकाचा दोष उजव्या पायाशी ऐकू येतो, मागची खडखड पुढची वाटते, आणि भलताच भाग बदलून खिसा मात्र हलका होतो.

मोकळीक आणि उलटणारा जोर

चाकाला चार कामं असतात. ते स्वतःभोवती फिरतं, रस्त्याप्रमाणे वरखाली होतं, पुढचं असेल तर डावीउजवीकडे वळतं, आणि वेग वाढवण्या-कमी करण्याचा जोर गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचवतं. या कामांसाठी जागोजागी सांधे असतात: बेअरिंग, बॉल जॉइंट, रबराचे बुश. नवा सांधा हवी तेवढीच हालचाल करू देतो. झिजला की त्यात बारीकशी फट पडते. गॅरेजात म्हणतात, "प्ले आलाय."

प्ले आला म्हणून गाडी सतत वाजत नाही. जोर एकाच बाजूने येत असेल तर सैल भाग एका टोकाला टेकून गप्प राहतो. जोराची दिशा उलटली की तो फट ओलांडून दुसऱ्या टोकावर आदळतो आणि 'टक्' होतं. सैल बिजागरीचं दारही स्वस्थ उघडं असताना वाजत नाही, हलवलं की वाजतं, तसंच हे. तेव्हा आवाज शोधायचा म्हणजे जोर कोणत्या क्षणी उलटतो ते शोधायचं. चाकाची कामं चार, म्हणून प्रश्नही चार: फिरताना वाजतं, वरखाली होताना वाजतं, वळताना वाजतं, की वेग वाढवता-कमी करताना?

सुरूर ते पाचगणी या रस्त्यावर हे चारही प्रश्न एकेक करून विचारता येतात.

महामार्गावर: फिरण्याचे आवाज

छोट्या मोटारीच्या चाकाचा व्यास साठ सेंटिमीटरच्या आसपास असतो. एका फेऱ्यात ती सुमारे १.९ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण तीन फेरे घेतं, ६० ला नऊ. इंजिन त्याच वेळी मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला तेहतीसपेक्षा जास्त. हलक्या वेगात सेकंदाला तीन अशी मोजता येणारी टिकटिक येत असेल आणि वेगाबरोबर ती दाटत जात असेल, तर ती चाकाचीच. बऱ्याचदा टायरच्या खाचेत अडकलेला खडा निघतो. तेवढ्यावर भागलं तर देवाचे आभार मानावेत.

पण चाकाच्या आवाजाचा खरा धनी असतो बेअरिंग. त्याच्या गोळ्या ज्या वाटेवरून पळतात तिथला पोलादाचा पृष्ठभाग खवल्याखवल्यांनी उडू लागला की 'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज सुरू होतो. तो चाळीसच्या पुढे जाणवतो, वेगाबरोबर चढतो, आणि हळूहळू वाढत असल्यामुळे घरच्या माणसांना त्याची सवय होऊन जाते. महिन्यांनी गाडीत बसलेला पाहुणाच आधी विचारतो, "हे काय घुमतंय?"

इंजिनाचा आवाज आणि चाकाचा आवाज वेगळा काढायची सोपी युक्ती आहे. वेग तोच ठेवायचा आणि गिअर बदलायचा. आवाज बदलला तर इंजिनाकडे बघा. तसाच राहिला तर चाकांकडे. मग रस्ता मोकळा असताना लांब, सौम्य वळणावर कान द्यायचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घूंघूं वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली तर दोष बहुधा उजव्या बेअरिंगचा. 'बहुधा' म्हणायचं कारण, आजच्या बेअरिंगांत गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि कोणती रांग खराब झाली त्यावर उत्तर थोडं फिरू शकतं. पक्कं करायचं तर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. चांगलं बेअरिंग तळव्याला काही कळू देत नाही. खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर तळव्यात उतरते.

बेअरिंग बदलण्याआधी टायरवर हात फिरवायला मात्र विसरू नये. अलाइनमेंट बिघडलेलं असेल किंवा शॉकअप दमलेला असेल तर टायर एकसारखा न झिजता दातेरी झिजतो. तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं बोचतं. असा टायर अगदी बेअरिंगसारखाच घुमतो. फरक रस्ता सांगतो: डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा तसाच राहतो. टायर मागे-पुढे बदलून पाहिले आणि आवाज जागा बदलून गेला, तर शंकाच नको.

एका आवाजाला मात्र चाचणीची वाट बघायची नाही. नुकतंच पंक्चर काढलंय, आणि थोड्याच वेळात चाकाकडून धडधड सुरू झाली, स्टीअरिंग हाताला झटके देऊ लागलं, तर लगेच बाजूला थांबून चाकाचे नट बघावेत. ते सैल असतील तर पुढचा किलोमीटरसुद्धा जाऊ नये.

गावात: वरखाली होण्याचे आवाज

वाईत शिरलं की वेग वीस-तीसवर येतो आणि महामार्गावर दबलेले आवाज डोकं वर काढतात. सगळ्यांत नेहमीची तक्रार इथलीच: "बारीक खड्ड्यांवर पुढे कटकट वाजतं, मोठ्या खड्ड्यात काही नाही." यात दहापैकी बहुतेक वेळा आरोपी एकच निघतो, लिंक रॉड.

गाडीची पुढची दोन चाकं एका आडव्या पोलादी दांड्याने जोडलेली असतात. वळणावर गाडी एका बाजूला फार कलू नये म्हणून हा दांडा. त्याची दोन्ही टोकं हातभर किंवा त्याहून लहान अशा लिंक रॉडनी चाकांकडच्या भागांना जोडलेली असतात, आणि लिंक रॉडच्या दोन्ही टोकांना इवलेसे बॉल जॉइंट असतात. दोन्ही चाकं एकाच वेळी वर उचलली गेली तर दांडा आपल्या बुशांत फक्त फिरतो. लिंकवर फारसा ताण येत नाही. एकच चाक उचललं गेलं की दांडा पिळला जातो आणि सगळा ताण लिंकवर येतो. यातूनच एक बिनखर्चाची चाचणी निघते. गतिरोधकावरून गाडी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी न्या. मग त्याच वेगाने एकच चाक एखाद्या उंचवट्यावरून न्या. सरळ जाताना गप्प आणि एका चाकावर कटकट, तर लिंक रॉड किंवा दांड्याचे डी-बुश. दोन्ही वेळा धप्प वाजत असेल तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा लोअर आर्मकडे बघायचं.

शॉकअप गेला की आवाजाआधी चाल बिघडते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलते. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला तर ती एकदा वर येऊन थांबायला हवी. झुलत राहिली तर शॉकअप दमला. त्याच्या नळीवर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर साक्षीपुरावा मिळाला. उलट शॉकअप कोरडा आहे, गाडी झुलत नाही, तरी कटकट येते म्हणून चारही शॉकअप बदलायला सांगितलं जात असेल, तर आधी लिंक रॉड हाताने हलवून दाखवा म्हणावं. लिंक रॉडचा खर्च शॉकअपच्या मानाने किरकोळ असतो.

मांढरदेवीला किंवा महाबळेश्वरला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालेल्या गाडीत मागून 'धप्प' येतं ते वेगळं. तिथे स्प्रिंग पुरती दबून रबरी बंपस्टॉपवर आपटत असते. एकट्याने चालवताना आवाज नसेल तर दोष भाराचा, नाहीतर थकलेल्या स्प्रिंगांचा.

या भागात भाजीपाला, स्ट्रॉबेरी, दूध वाहणारे पिकअप आणि जुन्या जीपगाड्या अजून पुष्कळ. त्यांच्या मागच्या बाजूला पाटे असतात. पाट्यांची करकर म्हणजे पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर घासण्याचा आवाज. थोडीफार ती असायचीच. पण गाडी सुरू करताना किंवा गिअर बदलताना मागून 'खट्' आलं तर शॅकलचे बुश, यू-बोल्टची पकड आणि पाट्यांमधला सेंटर बोल्ट तपासावा. सेंटर बोल्ट तुटला तर मागचा अख्खा एक्सल जागेवरून सरकू शकतो.

मग राहतात ते बिनगुन्ह्याचे आवाज. डिकीतला जॅक आणि पान्हा, सैल स्टेपनी, सायलेन्सरवरचा पत्रा, दाराच्या खणातली बाटली. कुठलाही भाग उघडण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करून एक फेरी मारावी. ब्रेक पॅड आपल्या जागेत खुळखुळत असतील तर त्याचीही खूण सोपी: खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर पाय नुसता टेकवला की खडखड थांबते, उचलला की पुन्हा सुरू.

गाडी लावताना: वळण्याचे आवाज

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मध्यमवर्गीयांच्या दारात एक नवी रचना आली, मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही कल्पना. १९५० साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनी ती गाजवली. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक बसवलेले, खाली एकच आर्म. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, म्हणून आज बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना हीच रचना असते. पण तिच्यात एक गोष्ट वेगळी आहे. पद्मिनी, ॲम्बॅसिडर किंवा जीपमध्ये चाक वळलं तरी स्प्रिंग जागच्या जागी राहायची. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाकाबरोबर अख्खा स्ट्रट, स्प्रिंगसकट, फिरतो. त्याला फिरता यावं म्हणून वरच्या माउंटिंगमध्ये एक चपटं बेअरिंग असतं. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना घुमटासारखी जागा दिसते, तिच्या आत.

हे बेअरिंग धूळपाण्याने जाम झालं की उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना गंमत होते. स्ट्रट फिरू लागतो, स्प्रिंगचं वरचं टोक अडून राहतं, स्प्रिंग पिळत जाते आणि एका क्षणी 'टण्ण्' करून सुटते. तपासायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून स्टीअरिंग सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या वरून हात घालून तळवा स्प्रिंगला लावायचा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये न घालता. चांगली स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरते. माउंटिंग गेलेलं असेल तर ती आधी थांबते, मग हाताखाली एकदम उडी मारते. जे कान अर्धा तास ठरवू शकले नसते ते तळवा दोन मिनिटांत ठरवतो.

उभ्या गाडीतल्या स्टीअरिंगचे बाकीचे आवाजही असेच आपापली ओळख सांगतात. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत चाक पार टोकाला नेलं की पंप ताणात येऊन 'ऊंऽऽ' करतो. तिथे क्षणभर तो असायचाच, मात्र चाक टोकाला धरून ठेवू नये. सरळ असतानाही पंप कण्हत असेल तर डबीतलं तेल बघावं. कमी झालं असेल तर नुसतं भरून भागत नाही, गळती शोधावी लागते. फिरवताक्षणी 'चींऽ' झालं तर पट्टा सैल किंवा झिजलेला. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेल नसतं, विजेची मोटर मदत करते. तिची हलकी गुणगुण चालते. पण रस्त्याच्या बारीक खडबडीवर खटखट स्टीअरिंगच्या चाकातून थेट बोटांना जाणवत असेल तर स्टीअरिंगच्या दांड्यातला खालचा क्रॉस, चाकं वळवणाऱ्या रॅकचा बुश किंवा रॅक चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड, या क्रमाने हात लावत जावं. कानापेक्षा बोटांना आधी कळणारा आवाज सहसा स्टीअरिंगच्याच साखळीतला असतो.

टाय रॉड एंडची तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच करावी. आत बसलेल्याने स्टीअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक इतक्याच टप्प्यात भरभर इकडेतिकडे करायचं आणि बाहेरच्याने टाय रॉड एंडवर चिमूट ठेवायची. दांडा हलला आणि चाकाकडचा भाग क्षणभर उशिरा हलला तर बोटांना तो टप्पा कळतो.

गाडी चालू असताना, चाक पूर्ण वळवून निघालं की कट-कट-कट-कट येत असेल तर तो एक्सलचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा आवाज. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा आणि चाक वळवायचंही, या अडचणीवर आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा सांधा काढला. गोळ्या पोलादात कोरलेल्या खोबणींतून घरंगळतात आणि वळलेल्या कोनातही चाक एकसारख्या गतीने फिरतं. खोबणी झिजल्या की वळलेल्या चाकावर प्रत्येक गोळी आपल्या खड्ड्यात पडते. मोकळ्या मैदानात गाडी पूर्ण डावीकडे वळवून सावकाश गोल फिरवावी, मग उजवीकडे. सांगाड्याचे किंवा बुशांचे आवाज एकदा येऊन थांबतात; सीव्ही जॉइंट वळण संपेपर्यंत चाकाच्या तालात वाजत राहतो.

घाटात: पुढे-मागे होणारा जोर

पसरणीच्या घाटात आवळ वळण चढावर आलं की चाक जवळजवळ पूर्ण वळलेलं असतं आणि इंजिन पूर्ण जोर लावत असतं. गावातल्या सपाट रस्त्यावर कुजबुजणारा सीव्ही जॉइंट इथे स्पष्ट बोलतो. उतरताना परिस्थिती उलटी. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकलेलं आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं, सुटला की पुढे येतं. लोअर आर्मचा मागचा बुश फाटला असेल तर दर वेळी एक जाडा 'ठक्' येतो आणि गाडी किंचित एका बाजूला ओढते.

याची खातरजमा सपाट जागी करावी: दोन मीटर पुढे जाऊन ब्रेक, दोन मीटर मागे येऊन ब्रेक. दर वेळी एकच ठक् आला, तर मोकळीक एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते आहे हे नक्की. आवाज ऐकू यावा म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याचा मोह मात्र टाळावा. तिथे इंजिनाचा आधार ब्रेकला हवा असतो.

घाटात एक आवाज घाबरवतो आणि फुकटात सुटतो. रस्त्याच्या कडेच्या खडीवरून गाडी काढली की ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकतो आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी सुरू होते. मोकळी जागा बघून थोडं मागे-पुढे केलं की तो बहुतेक वेळा आपणच पडतो.

पावसाळ्याचा हिशेब

महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून जेमतेम तासाभराच्या अंतरावरची वाई त्या मानाने कोरडी. वर-खाली ये-जा करणारी गाडी त्यामुळे एकाच दिवसात चिंब भिजते आणि धुळीत वाळते. पठारावरच्या जांभ्याची तांबडी माती पाण्याबरोबर खालच्या सगळ्या सांध्यांपर्यंत पोचते. बॉल जॉइंट, रॅक, सीव्ही जॉइंट यांना रबरी टोप्या असतात, गॅरेजात त्यांना बूट म्हणतात. बूट शाबूत असेल तर सांधा वर्षानुवर्षं टिकतो. त्याला चीर गेली की फिरत्या एक्सलमधून ग्रीस बाहेर उडतं, आत चिखल जातो, आणि ग्रीसमध्ये मिसळलेली माती पोलाद घासत बसते. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर अजून आवाज यायचा आहे एवढंच. त्याच वेळी बूट बदलून नवं ग्रीस भरलं तर सांधा वाचू शकतो. कटकट सुरू झाल्यावर सांधाच बदलावा लागतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला दुसरी तक्रार येते: "सकाळी कुरकुरते, उन्हं वर आली की थांबते." सुकलेलं रबर थंडीत ताठर होतं आणि पोलादावर अडखळत घासतं. याचा शोध पाण्याने लागतो. एकजण गाडीचा कोपरा दाबत राहतो, दुसरा एकेका बुशावर पाणी मारतो. ज्याच्यावर पाणी पडताच कुरकुर बंद झाली तो बुश. तेल किंवा ग्रीस लावून त्याला गप्प करू नये. खनिज तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं.

जॅकवर

शेवटची शहानिशा चाक उचलून. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेली, मागच्या चाकांना दगड, आणि जॅकखेरीज वेगळा भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मिस्त्रीचं पोर असलं तरी घालू द्यायचं नाही.

चाक डावीउजवीकडून, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवायचं. प्ले फक्त इथेच जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. मग वर-खाली, बारा आणि सहावर धरून हलवायचं. इथे प्ले आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोघांतला कोण, हे एका पायाने कळतं: कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचा. ब्रेकमुळे चाक आणि त्यामागचा भाग एकजीव होतो. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मच्या बुशापाशी टॉमी घालून हलका रेटा दिला की रबराला गेलेली चीर उघडी पडते.

कोणता आवाज थांबेल, कोणता थांबणार नाही

लिंक रॉडची कटकट, बुशाची कुरकुर, माउंटिंगची टणटण यांना आठ-पंधरा दिवस सवड देता येते. बॉल जॉइंटचा प्ले, टाय रॉड एंडचा प्ले आणि हाताला हलणारं बेअरिंग यांना देता येत नाही. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, टाय रॉड एंड निखळला तर एक चाक स्टीअरिंगचं ऐकेनासं होतं. असं काही आढळलं तर गाडी घाटात घालू नये. आणखी एक इशारा: वाजत असलेला सांधा काही न करता एकाएकी गप्प झाला, तर तो बरा झाला असं समजू नये.

दुरुस्ती झाल्यावर दोन गोष्टी विचाराव्यात. टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट बदलला असेल तर अलाइनमेंट केलं का? आणि लोअर आर्मच्या बुशाचे बोल्ट शेवटचे केव्हा आवळले? आर्म खाली लोंबत असताना ते आवळले तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट नुसते बसवून, गाडीचा भार चाकांवर आल्यावर, मगच पक्के आवळायचे असतात. "लोकल पार्ट टिकत नाहीत" या तक्रारीतल्या बऱ्याच भागांचा बळी या घाईनेच गेलेला असतो.

गॅरेजात जाण्याआधी चार ओळी कागदावर लिहून नेल्या तर मिस्त्रीचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाचतात: किती वेगाला वाजतं, एका चाकाच्या खड्ड्यावर की दोन्ही चाकांच्या गतिरोधकावर, उभ्या गाडीत वळवताना की चालत्या, आणि ब्रेकने आवाज वाढतो की थांबतो. मग मिस्त्रीला शेजारी बसवून, तो आवाज ज्या रस्त्यावर येतो त्याच रस्त्यावर एक फेरी मारावी. लिंक रॉडसाठी वाईतली एक गल्ली पुरते, बेअरिंगसाठी सुरूरपर्यंत जावं लागतं, आणि लोअर आर्मची शंका असेल तर घाटाच्या वाटेला न लागता पायथ्याच्या सपाटीवर दोनदा पुढे-मागे केलं की काम होतं.